गावाचं गावाला परत
(प्रस्तावना)

१

बऱ्हाणपूरहून असिरगडाकडे निघालं की वाटेत निंबोला लागतं. आजूबाजूला केळीच्या बागा, कपाशीची वावरं आणि समोर सातपुड्याची निळसर रांग. राज्य मध्य प्रदेश, शाळेची भाषा हिंदी, बाजारात निमाडी, डोंगराकडच्या पाड्यांवर कोरकू आणि भिलाली, आणि आमच्यासारख्या कितीतरी घरांत मराठी. दवाखान्यातला कागद हिंदीत येतो, औषधाच्या खोक्यातली चिठ्ठी इंग्रजीत असते, आणि आजारी माणसाच्या घरातली काळजी मात्र मराठीत बोलली जाते. या तीन भाषांच्या मधल्या फटीत बऱ्याच गोष्टी हरवतात. वैद्यक आणि सार्वजनिक आरोग्यातल्या ताज्या संशोधनाची ओळख करून देणारं हे पुस्तक त्या फटीपाशी बसून लिहिलेलं आहे.

माझ्या लहानपणी लेकराला जुलाब लागले की घरातला पहिला हुकूम निघायचा, ‘पाणी बंद करा.’ आजीचा हिशेब साधा होता. वरून घातलं की खालून जाणार, मग वरचंच थांबवावं. ओठ सुकलेलं पोर माठाकडे बघत राहायचं आणि आजी त्याला मांडीवर घट्ट धरून बसायची. तिच्या मायेत काही उणं नव्हतं. तिच्यापर्यंत एक माहिती पोचली नव्हती, एवढंच.

ती माहिती तोवर जगाला मिळालेली होती. १९७१ साली पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला. पश्चिम बंगालमधल्या बनगावला शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून ते नातेवाइकांच्याच हातून रोग्यांना पाजलं. शंभरातले तीसच्या आसपास रोगी दगावत होते, ते प्रमाण ३.६ वर आलं. याचं कारण आतड्याच्या कामात आहे. जुलाब चालू असतानाही ग्लुकोज शोषून घेण्याची वाट उघडी राहते. ग्लुकोज आत शिरताना मिठातल्या सोडियमला सोबत नेतं, आणि सोडियमच्या मागोमाग पाणी जातं. आजीला हे कुणी तिच्या शब्दांत सांगितलं असतं तर चटकन पटलं असतं. पाटाचं दार कुठे उघडलं की पाणी कोणत्या वाफ्याला जातं, हे तिनं जन्मभर पाहिलं होतं.

हे आता जुनं झालं, असं कुणाला वाटेल. पण २०२४ च्या फेब्रुवारीत ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला एक अभ्यास वाचताना मला पुन्हा आजीची मांडी आठवली. संशोधकांनी कर्नाटक आणि बिहारमधल्या २५३ गावा-शहरांत, दोन हजारांहून जास्त खासगी डॉक्टरांकडे सराव दिलेली माणसं पाठवली. घरी लेकराला जुलाब लागलेत, काय द्यावं, असं ती विचारत. डॉक्टरांना ओआरएस, म्हणजे तेच मीठ-ग्लुकोजचं मिश्रण, ठाऊक होतं, तरी ते अनेकांच्या चिठ्ठीवर उतरत नव्हतं. का उतरत नव्हतं, याचा हिशेब मांडला गेला. दुकानात माल नसण्याचा वाटा ६ टक्के निघाला, दुसरं औषध विकण्यातल्या फायद्याचा ५ टक्के. आणि ‘रोग्याला ओआरएस नकोच असतं’ या डॉक्टरांच्या समजाचा वाटा होता ४२ टक्के. ज्यांनी आपणहून ओआरएस हवं असं सुचवलं, त्यांना ते लिहून मिळण्याचं प्रमाण पुष्कळ वाढलं.

पन्नास वर्षांपूर्वी सापडलेलं उत्तर डॉक्टरच्या टेबलापर्यंत येऊन थांबलं होतं, आणि ते पुढे सरकायला आईच्या तोंडचं एक वाक्य हवं होतं. म्हणून संशोधनाचे निष्कर्ष सामान्य वाचकाच्या भाषेत आणणं हा मी उपचाराचाच भाग मानतो. हे पुस्तक त्या विश्वासावर उभं आहे.

२

बऱ्हाणपूरला पाण्याचं शास्त्र नवं नाही. १६१५ मध्ये, अब्दुर्रहीम खानखानाच्या सुभेदारीच्या काळात, सातपुड्याच्या उतारावर मुरणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहराकडे आणणारा कुंडी भंडारा बांधला गेला. विहिरीसारख्या कुंड्यांची ओळ आणि त्यांना जोडणारा भुयारी प्रवाह, ही रचना आजही बघायला मिळते. चारशे वर्षांनी याच जिल्ह्याचं नाव पाण्यासाठी पुन्हा देशभर झालं. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशन सुरू झालं तेव्हा जिल्ह्यातल्या १,०१,९०५ ग्रामीण घरांपैकी ३७,२४१ घरांत नळ होता. जुलै २०२२ मध्ये बऱ्हाणपूर हा देशातला पहिला ‘हर घर जल’ प्रमाणित जिल्हा ठरला. २५४ गावांच्या ग्रामसभांनी घरोघर नळ आल्याचे ठराव केले होते.

ज्या बाईच्या डोक्यावरची घागर उतरली तिला या आकड्यांचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. पण आरोग्याचा प्रश्न नळापाशी संपत नाही, तिथून सुरू होतो. नळ आल्यावर लेकरांचे जुलाब किती कमी झाले? त्यांची वाढ सुधारली का? संडास बांधल्यानं काय होतं? ‘होणारच’ असं वाटणं आणि ‘झालं’ असं दाखवता येणं यांत अंतर असतं. ते अंतर मोजण्याच्या कामालाच संशोधन म्हणतात.

आमच्या शेजारचंच उदाहरण घ्या. संपूर्ण स्वच्छता अभियानाचा परिणाम तपासण्यासाठी मध्य प्रदेशातल्या धार आणि खरगोन जिल्ह्यांतली ८० गावं निवडली गेली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काही गावं अभियानासाठी ठरवली आणि बाकीची तुलनेसाठी ठेवली. २०१४ मध्ये निकाल छापून आला. तुलनेच्या गावांत २२ टक्के घरांत संडास होते, अभियानाच्या गावांत ४१ टक्के. पण उघड्यावर जाणाऱ्यांचं प्रमाण जेमतेम दहा टक्क्यांनी घटलं, आणि मुलांच्या जुलाबांत, जंतांत किंवा वाढीत ठोस फरक दिसला नाही. याच धर्तीचा एक प्रयोग महाराष्ट्रात अहमदनगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, ६० गावांत झाला होता. तिथे मुलांच्या उंचीत वाढ दिसली. २०१८ मध्ये बांगलादेश आणि केनियातल्या दोन मोठ्या प्रयोगांचे निकाल एकत्र आले. पाणी, संडास, हात धुणं यांवर भर दिल्यावर बांगलादेशात जुलाब बऱ्यापैकी घटले, केनियात घटले नाहीत, आणि पाणी-स्वच्छतेमुळे मुलांची उंची मात्र दोन्हीकडे वाढली नाही.

घाईत वाचणारा म्हणेल, शास्त्रज्ञांचंच एकमत नाही, मग आम्ही काय करायचं? थांबून वाचलं तर या निकालांत एक धागा सापडतो. गावातल्या निम्म्या घरांत संडास झाला आणि उरलेल्या निम्म्यांची वाट ओढ्याकडेच राहिली, तर माशी आणि पावसाचं पाणी घर पाहून जात नाहीत. घाण अर्धी झाली म्हणून आजार अर्धे होत नाहीत. एका मर्यादेपलीकडे सगळ्या गावानं मिळून बदलावं लागतं. भिंत उभी राहणं ही सुरुवात असते, तिचा रोजचा वापर हे खरं काम.

दुसरा धागा असा. मुलांचे मृत्यू घटले की नाही हे एकट्या लहान प्रयोगातून कळत नाही, कारण सुदैवानं तेवढे मृत्यू त्यात होतच नाहीत. अर्थशास्त्रज्ञ मायकेल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाणी शुद्ध करण्याचे वेगवेगळ्या देशांतले अनेक प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हा पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू साधारण चतुर्थांशाने कमी झाल्याचं दिसलं. एकेका विहिरीत तळ दिसावा आणि त्या जोडल्यावर प्रवाह सापडावा, तसं हे झालं. कुंडी भंडाऱ्याच्या गावाला ही उपमा सहज समजावी.

म्हणून नळाइतकीच त्या पाण्याच्या तपासणीची बाटली महत्त्वाची. गावच्या बायकांना पाणी तपासण्याचं जे शिक्षण दिलं जातं त्यात एक साधी चाचणी असते. बाटलीत पाणी भरून ठेवायचं, आणि ते काळं पडलं तर त्यात विष्ठेतले जंतू असण्याची शंका घ्यायची. दांड्याचा ओगराळा, झाकलेला माठ, पुरेसं क्लोरीन आणि ही बाटली, यांच्या आधारानं नळाचं पाणी लेकराच्या तोंडात जाईपर्यंत चांगलं राहतं.

३

आता या पुस्तकाच्या मुळाशी असलेली गोष्ट सांगतो. वैद्यकातलं नवं ज्ञान कुठून येतं असं विचारलं तर आपल्या डोळ्यांसमोर परदेशातल्या काचेच्या इमारती येतात. पण जगाच्या आरोग्याची दिशा बदलणारे काही मोठे निष्कर्ष मराठी मुलखातल्या गावांतून, शेणानं सारवलेल्या घरांतून गेलेले आहेत.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेचं काम १९८५ नंतर उभं केलं. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी होती. त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. बाळंतपण आणि कुटुंबनियोजन यांपलीकडे खेड्यातल्या बाईच्या शरीराकडे आरोग्यव्यवस्थेचं लक्षच नव्हतं. या अभ्यासानं ते दुखणं पहिल्यांदा जगासमोर मोजून मांडलं.

त्यानंतर नवजात बाळांचा प्रश्न आला. गडचिरोलीच्या ३९ गावांत थोड्याफार शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना बाळाचं वजन घेणं, त्याला ऊब देणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करणं शिकवलं गेलं. तुलनेच्या ४७ गावांशी ताडून पाहिलं तेव्हा तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. १९९९ मध्ये हा निकाल छापून आला, आणि २०११ मध्ये घरच्या घरी नवजात बालकाची काळजी हा देशाचा कार्यक्रम झाला. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ४२ दिवसांत सहा वेळा येते, बाळंतपण घरीच झालं असेल तर सात वेळा. त्या भेटीची मुळं गडचिरोलीत आहेत. निंबोल्याच्या एखाद्या घरात ती वजनकाटा काढते तेव्हा गडचिरोलीच्या त्या बायकाच जणू उंबरा ओलांडून येतात.

उस्मानाबाद जिल्हा, आजचा धाराशिव. तिथल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून केला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची आधीच चाहूल देणाऱ्या तीन तपासण्यांची तुलना त्यात होती. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ मध्ये निकाल आला. हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी एकदाच केलेल्या गटात या कर्करोगानं ३४ मृत्यू झाले, तुलनेच्या गटात ६४. आयुष्यात एकदा केलेली एक तपासणी मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणू शकते, हे जगाला धाराशिवच्या बायकांनी दाखवून दिलं.

त्याच वर्षी लशीचाही एक प्रयोग देशातल्या अनेक केंद्रांवर सुरू झाला. बार्शी आणि पुणे त्यांत होते. १० ते १८ वयाच्या मुलींना एचपीव्ही लशीचे दोन डोस पुरतात की तीन लागतात, हे पाहायचं होतं. २०१० मध्ये दुसऱ्याच एका प्रकल्पावरून उठलेल्या वादात सरकारनं अशा सगळ्या चाचण्या थांबवल्या, आणि हजारो मुलींचा पुढचा डोस राहून गेला. संशोधकांनी त्या मुलींची साथ सोडली नाही. दहा वर्षं त्यांच्या संपर्कात राहून त्यांनी तपासण्या केल्या. २०२१ मध्ये निष्कर्ष हाती आला, की सर्वांत घातक अशा १६ आणि १८ या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एकच डोस सुमारे ९५ टक्के संरक्षण देतो. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एका डोसाचा पर्याय मान्य केला, आणि त्याला मिळालेल्या पुराव्यांत या मुलींचा वाटा मोठा होता. एका डोसात भागलं तर तेवढ्याच पैशांत दुप्पट मुलींना लस देता येते.

या अभ्यासांमध्ये रक्त कुणी दिलं, प्रश्नांची उत्तरं कुणी दिली, कामाचा दिवस बुडवून तपासणीला कोण आलं? निंदणी करणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या, पाणी भरणाऱ्या बायका. त्यांच्यापैकी किती जणींना आपल्यामुळे काय कळलं हे त्यांच्या भाषेत सांगितलं गेलं? गावातून गेलेलं ज्ञान गावाला परत मिळालं पाहिजे. तो उपकार नाही, ती परतफेड आहे.

४

मराठी मुलखाबाहेरचा एक अभ्यासही मला इथे मांडलाच पाहिजे, कारण त्याचं औषध आमच्या वावरात कपाशीच्या ओळींमध्ये उगवतं. झारखंडमध्ये क्षयरोग्यांना आणि त्यांच्या कुटुंबांना पोषण देऊन पाहिलेला ‘रेशन्स’ हा प्रयोग. क्षयाचे २,८०० रोगी आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसं त्यात होती. सगळ्या रोग्यांना धान्य मिळालं. निम्म्या विभागांत घरातल्या इतरांनाही दरमहा माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या गेल्या. २०२३ मध्ये निकाल आला. ज्या घरांत सगळ्यांना धान्य मिळालं तिथे नव्या क्षयरोगाचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी होतं. रोग्यांमध्येही पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्क्यांनी वाढलं, त्यांचा मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला.

‘अंगात ताकद नाही म्हणून रोग धरतो’ हे आपल्याकडची जुनी माणसं सांगतच आली होती. संशोधनानं त्या बोलण्याला वजन दिलं, आणि किती किलो डाळ हेही सांगितलं. २०२४ च्या नोव्हेंबरपासून क्षयरोग्याला पोषणासाठी मिळणारी मदत महिन्याला ५०० वरून १,००० रुपये झाली. घरात कुणाला क्षय असेल तर त्या रकमेइतकंच हे समजणं गरजेचं आहे, की ताटातली डाळ गोळ्यांची जागा घेत नाही, त्यांना बळ देते, आणि ती घरातल्या सगळ्यांच्या ताटात पडायला हवी.

५

हे पुस्तक कसं वाचावं, याबद्दल थोडं. प्रत्येक प्रकरणापाशी तीन प्रश्न मनात धरावेत, अशी माझी विनंती आहे. पहिला, हे कुणावर पाहिलं? शहरातल्या तरुण पुरुषांवर केलेला अभ्यास खेड्यातल्या गर्भवतीला जसाच्या तसा लागू होत नाही. दुसरा, कशाशी तुलना केली? ‘औषध घेतलं आणि बरं वाटलं’ हे खरं असलं तरी औषध न घेताही तेवढ्याच दिवसांत बरं वाटलं असतं का, हे तुलनेशिवाय कळत नाही. तिसरा, टक्का कशातला? धोका निम्मा झाला हे ऐकायला मोठं वाटतं, पण हजारात दोघांचा एक झाला की शंभरात चाळिसांचे वीस झाले, यांत फार फरक आहे. मोबाइलवर रोज येणाऱ्या आरोग्याच्या संदेशांना हे तीन प्रश्न विचारून पाहावेत. बहुतेक संदेश दुसऱ्या प्रश्नाशीच अडखळतात.

संशोधनाच्या चुका आणि वादही या पुस्तकानं झाकू नयेत, असा माझा आग्रह आहे. धाराशिवच्या त्या अभ्यासात तुलनेच्या गटातल्या बायकांना तपासणीविना ठेवलं होतं. ते योग्य होतं का, यावर पुढे गंभीर वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. माणसाची संमती म्हणजे कागदावरचा अंगठा नव्हे. काय होणार आहे हे समजून, नको म्हणण्याची मोकळीक ठेवून दिलेला होकार म्हणजे संमती. आपल्या गावात उद्या कुणी अभ्यासाला आलं तर कशासाठी, कुणाच्या पैशानं, आणि निकाल आम्हाला कधी सांगणार, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. ते विचारणारं गाव संशोधनाचा शत्रू नसतं, भागीदार असतं.

निष्कर्ष बदलतात, हेही मनाशी असू द्यावं. आज खरं ठरलेलं उद्या नव्या पुराव्यानं अपुरं ठरतं, आणि म्हणूनच शास्त्रावर भरवसा ठेवता येतो. या पानांवर डॉक्टरला पर्याय शोधू नये. डॉक्टरपाशी जाताना हातात चांगला प्रश्न असावा, एवढंच या पुस्तकाचं काम.

आशाताईंनी, अंगणवाडीताईंनी, शाळामास्तरांनी हे वाचावं, आणि त्याहून जास्त, ते मोठ्यानं वाचून दाखवावं. ज्यांना अक्षर येत नाही त्यांना ऐकू येतं. संध्याकाळी ओट्यावर चार बायका बसल्या असतील तिथे एक प्रकरण वाचलं गेलं तर माझ्या मते या पुस्तकाची किंमत वसूल झाली.

आणि त्यातल्या एखादीला उद्या आजारी लेकरू घेऊन दवाखान्यात जावं लागलं, तर तिनं सुईची किंवा सलाईनची वाट न बघता आधी म्हणावं, ‘डॉक्टरसाहेब, ओआरएसची पुडी लिहून द्या, आणि ते कसं पाजायचं तेही सांगा.’ या एका वाक्यानं चिठ्ठी बदलते, हे आता मोजून सिद्ध झालं आहे. माझ्या आजीला ते वाक्य कुणी दिलं नाही. हे पुस्तक ते तिच्या नातसुनांच्या हाती देत आहे.

निंबोला, जि. बऱ्हाणपूर